सामंथा हार्वीची ‘ऑर्बिटल’ : सोळा फेऱ्यांचा हिशेब

निळीशाई

२०२४चं बुकर पारितोषिक मिळालेल्या ‘ऑर्बिटल’ या कादंबरीबद्दल जिथे तिथे दोनच मतं वाचायला मिळतात. एक, ‘काय ती भाषा!’ आणि दुसरं, ‘एकशे छत्तीस पानांत काही घडतच नाही’. दोन्ही खरी आहेत, पण दोन्हींनी पुस्तक हाताला लागत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सहा माणसं आहेत. अंतोन आणि रोमान रशियन, चिए जपानी, नेल ब्रिटिश, शॉन अमेरिकी, पिएत्रो इटालियन. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा एक मंगळवार, चोवीस तास, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, आणि पुस्तक संपलं. चिएची आई वारल्याची बातमी येते, खाली पॅसिफिकवर एक टायफून फुगत फिलिपिन्सकडे सरकतो, चार जणांचं एक यान यांना ओलांडून चंद्राकडे जातं. ‘घटना’ म्हणाल तर एवढ्याच. रहस्यभेद होईल असं काही नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहा.

नोंदीपुरतं: पुस्तक नोव्हेंबर २०२३ मध्ये जोनाथन केपने काढलं, बुकर १२ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर झालं, रक्कम ५०,००० पौंड. अवकाशात घडणारी ही पहिली बुकर-विजेती कादंबरी. पानांच्या हिशेबात सगळ्या विजेत्यांत दुसरी लहान. तिच्याहून लहान फक्त १९७९ची ‘ऑफशोअर’, १३२ पानांची.

माझं म्हणणं एवढंच की प्रकरणांची नावं नीट वाचा. ‘कक्षा अमुक, चढती’, ‘कक्षा अमुक, उतरती’ अशी ती आहेत, आणि सुरुवात तर ‘कक्षा उणे एक’पासून. बहुतेक परीक्षणांनी ही नावं शोभेची धरली आहेत. ती शोभेची नाहीत. कथानकाचं काम इथे स्थानकाची वाट करते.

तिरपागडा

नावं वाचली. तरी तक्रार कायम. दर तीन पानांनी खाली एखादा खंड येतो, वाळवंट येतं, बर्फ येतो, दिव्यांची जाळी येते, मग पुन्हा समुद्र. वर्णनं सुंदर आहेत, पण त्यांचा क्रम बदलला तरी काय फरक पडेल? पत्त्यांचा कॅट पिसावा तशी पानं पिसून दिली तर कुणाच्या लक्षात येईल?

कक्षावर्ती

तिरपागडा, क्रम बदलता येत नाही, आणि ते घरच्या घरी कागदावर पडताळता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

लागणारं सामान: जगाचा असा नकाशा ज्यात अक्षांश-रेखांशांची जाळी सारख्या अंतराची आहे, एक ट्रेसिंग पेपर, पेन्सिल.

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे. एक फेरी साधारण ९२.७ मिनिटांची. तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती २३.२ अंश फिरते. बाकी सगळं या तीन आकड्यांतून निघतं.

ट्रेसिंग पेपरवर विषुववृत्ताची आडवी रेघ मारा आणि डावीकडे सुरुवातीचा बिंदू धरा. तिथून पूर्वेकडे मोजत असे बिंदू टाका: १७.८ अंश पूर्वेला आलात की अक्षांश २३.१ उत्तर, ४३.२ ला ४२.७, ८४.२ ला ५१.६, हा माथा. तिथून उतार तसाच: १२५.२ ला ४२.७, १५०.६ ला २३.१, आणि १६८.४ ला पुन्हा विषुववृत्त. इथवर अर्धी फेरी, म्हणजे सेहेचाळीस मिनिटं. उरलेली अर्धी याचंच उलटं, दक्षिणेकडे. फेरी पुरी होते तेव्हा तुम्ही ३३६.८ अंशांवर असता, ३६० वर नाही. राहिलेले २३.२ अंश पृथ्वीने मधल्या वेळात खाल्ले.

आता पेपर नकाशावर ठेवा आणि प्रत्येक नव्या फेरीसाठी २३.२ अंश पश्चिमेकडे सरकवा. दक्षिण ध्रुवाच्या बाजूकडून उत्तरेकडे जाणारा भाग तो ‘चढती’, माथ्यावरून खाली येणारा तो ‘उतरती’.

यात चुका तीन होतात. पेपर पूर्वेकडे सरकवला जातो, कारण ‘स्थानक पूर्वेला जातं ना’ हे डोक्यात असतं. वाट पूर्वेलाच जाते, पण पुढची फेरी आधीच्या फेरीच्या पश्चिमेला पडते. दुसरी चूक मर्केटरचा नकाशा घेण्याची. त्यात वरचे अक्षांश ताणलेले असतात, त्यामुळे माथा भलत्याच अक्षांशावर पडतो. तिसरी म्हणजे लाट करवतीसारखी टोकदार काढणं. माथा गोल आणि पसरट हवा. ४२.७ अंशांच्या वर गेल्यापासून परत तिथे येईपर्यंत सहावा हिस्सा फेरी जाते, म्हणजे साडेपंधरा मिनिटं. दक्षिणेत तेवढीच. थोडक्यात, फेरीतला एक तृतीयांश वेळ स्थानक या दोन टोकाच्या पट्ट्यांवर असतं. कादंबरीत दक्षिणेकडचा ओसाड महासागर पुन्हा पुन्हा का येतो त्याचं उत्तर इथे आहे. लेखिकेला तो आवडतो म्हणूनच नव्हे. वाटच तिथे रेंगाळते.

रात्रपाळी

मस्त. पण एक खटकलं. ९२.७ गुणिले १६ म्हणजे १४८३ मिनिटं. दिवसाची मिनिटं १४४०. म्हणजे दिवसाला साडेपंधराच फेऱ्या बसतात की. लेखिकेने अर्धी फेरी कुठून आणली?

कक्षावर्ती

बरोबर पकडलंत. १५.५ हा खरा आकडा, १६ हा बोलण्यातला. नासाही बोलताना सोळाच म्हणते. पण इथे दिवस पहाटेच्या आधी सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटेच्या तोंडाशी संपतो, शिवाय सुरुवातीला ते ‘उणे एक’ आहे. त्रेचाळीस मिनिटं इकडे तिकडे सामावून जातात. कादंबरीला पूर्णांक हवा असतो, माफ करू.

निळीशाई

आणि ‘सोळा सूर्योदय, सोळा सूर्यास्त’?

कक्षावर्ती

तेही साडेपंधराच, पण त्यात एक गंमत आहे. प्रत्येक फेरीत सूर्योदय होतोच असं नाही. सूर्य आणि कक्षेची पातळी यांतला कोन ७० अंशांच्या पुढे गेला की स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतच नाही, काही दिवस सलग उजेड असतो. हे जून आणि डिसेंबरच्या अयनांच्या आसपासच घडू शकतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा कोन फार तर ५६ अंशांपर्यंत जातो, म्हणजे दर फेरीला रात्र पक्की. किमान २६-२७ मिनिटांची, जास्तीत जास्त ३६. हीच कादंबरी जूनमध्ये घडवली असती तर एखाद्या चिकित्सक वाचकाने सूर्यास्ताचा पुरावा मागितला असता.

आणि तो सूर्योदय किती वेळाचा? कडा दिसल्यापासून अख्खं बिंब वर येईपर्यंत सूर्य कक्षेच्या पातळीत असेल तर आठ सेकंद. क्षितिजावर आधी गडद निळी रेघ, मग ती नारिंगी होते, आणि पान उलटेपर्यंत डोळे दिपतात. पुस्तकातली पहाटेची वाक्यं लांब आहेत आणि प्रत्यक्षातली पहाट आठ सेकंदांची. हा विरोधाभास हार्वीने मुद्दाम ठेवलाय असं माझं मत.

तिरपागडा

ठीक, भूगोल मान्य. पण टायफूनचं काय? वाट दर फेरीला २३ अंश सरकते म्हणता, मग तोच टायफून दिवसभर सारखा कसा दिसतो? हा तर लेखिकेच्या सोयीचा मामला वाटतो.

वादळवाट

सारखा दिसत नाहीच, आणि पुस्तकातही तो अधूनमधूनच येतो. हिशेब असा. ४२० किलोमीटरवरून क्षितिज सुमारे २२५० किलोमीटर लांब असतं. विषुववृत्तावर दोन लगतच्या वाटांमधलं आडवं अंतर २५८० किलोमीटर, पण वाट तिरकी असल्याने काटकोनात मोजलं तर दोन हजारांच्या जवळपास. म्हणजे या फेरीला जे बरोबर पायाखाली होतं ते पुढच्या फेरीला कडेला, तिरपं, ढगांच्या भिंतीसारखं दिसतं. आधीच्या फेरीलाही तसंच, दुसऱ्या बाजूने. एकूण तीन फेऱ्या. मग टायफून हद्दीबाहेर.

पुन्हा भेट होते ती उतरत्या वाटेवर. फिलिपिन्सच्या अक्षांशावर, म्हणजे बारा उत्तरेच्या आसपास, चढत्या वाटेने भरदुपारी गेलात तर उतरती वाट त्याच जागेवर साधारण पावणेअकरा तासांनी येते, रात्री पावणेअकराच्या सुमाराला. म्हणजे एकदा पांढरंशुभ्र फिरतं चक्र दिसणार आणि एकदा अंधारात, विजांच्या उजेडात किंवा चांदण्यात. विषुववृत्तावर हा फरक बरोबर बारा तासांचा. तिथे चढती वाट दिवसाची असेल तर उतरती रात्रीचीच.

टायफूनची जागाही सोयीची म्हणून निवडलेली नाही. समुद्राचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, आणि विषुववृत्तापासून निदान पाच अंश लांब हवं, नाहीतर पृथ्वीच्या फिरण्याचा रेटा कमी पडतो आणि ढग गोळा झाले तरी चक्र धरत नाही. पश्चिम पॅसिफिकमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन्ही अटी सहज पुऱ्या होतात.

मला यातली क्रूर गोष्ट वेगळीच वाटते. पिएत्रोच्या ओळखीचं एक कोळ्याचं कुटुंब त्या किनाऱ्यावर आहे. त्याला वादळाचा डोळा स्वच्छ दिसतो, ते घर दिसत नाही. आणि तीन फेऱ्या झाल्या की पुढचे कित्येक तास तो बघूही शकत नाही. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाकडे याच्याहून जास्त माहिती असते.

शिरस्तेदार

विज्ञानाच्या अंगाने एक दुरुस्ती, पुस्तकाची नव्हे, परीक्षणांची. ‘गुरुत्वाकर्षणाच्या पलीकडे सहा माणसं’ असं छापलेलं वाचलं. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८८-८९ टक्के असतं. ते नसतं तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. तरंगणं हे पडण्यामुळे आहे. सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने पुढे जाता जाता ते सतत खाली पडतंय, आणि पृथ्वी तेवढीच वळून बाजूला होतेय. हार्वीने हे चोख पकडलंय. तिची माणसं उडत नाहीत, पडत असतात.

दुसरं, शरीराबद्दल. कुणी इथे अजून व्यायामाचा उल्लेख केला नाही. पुस्तकात तो सारखा येतो आणि वाचक त्यावरून सरसर पुढे जातो. रोज दोन तासांच्या वर व्यायाम, कारण तो केला नाही तर नितंब-मांड्यांच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का उतरते. वजनं उचलून उपयोग नाही, वजनच नाही. म्हणून तिथल्या यंत्रात निर्वात केलेली नळकांडी असतात, त्यांचा दट्ट्या ओढायचा, २७२ किलोपर्यंतचा जोर लावता येतो. धावपट्टीवर खांद्या-कमरेला पट्टे बांधून माणसाला खाली ओढून धरावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावलाला छताला.

आता या हाडांचं पुढे काय होतं ते बघा. विरघळलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं. लघवीचं पाणी करणारं यंत्र अमेरिकी भागात २००८ मध्ये बसवलं. फिरत्या ढोलात कमी दाबावर पाणी उकळून वाफ वेगळी करायची अशी रीत, ढोल फिरता कारण वजनहीनतेत वाफ आणि पाणी आपोआप वेगळे होत नाहीत. पाण्याचा ८५ टक्के भाग परत मिळेल असा अंदाज होता. वर्षभरातच ढोल बंद पडला. आत कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे जिप्समचाच, थर बसला होता. जमिनीवरच्या चाचण्यांतली लघवी धडधाकट हाडांच्या माणसांची होती, तिच्यात एवढं कॅल्शियम नव्हतं. वर सल्फेटची भर घातली ती लघवी टिकवायला वापरलेल्या सल्फ्युरिक आम्लाने. मग काही वर्षं ७०-७५ टक्क्यांवरच यंत्र चालवलं आणि पुढे फॉस्फोरिक आम्लावर गेले. २०२३ मध्ये उरलेल्या गाळातूनही पाणी काढून एकूण ९८ टक्क्यांपर्यंत पोचले.

हे पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण सहा माणसं एकमेकांची लघवी पितात हे वाक्य हार्वीच्या हातात विनोदही राहतं आणि आपुलकीही होतं, त्यामागे हे सगळं आहे. एकाची हाडं दुसऱ्याच्या पेल्यात अडकतात.

निळीशाई

शिरस्तेदार, शेवटचं वाक्य वाचून चहा बाजूला ठेवला.

त्याच्याच शेजारी पुस्तकातली स्वच्छतागृहाची पाटीही आठवा: राजकीय वादामुळे ज्याने त्याने आपापल्या देशाचं स्वच्छतागृह वापरावं. सगळे हसतात आणि हवं ते वापरतात. पाण्याच्या नळाला देश कळत नाही, पाटीला कळतो.

पानपंखा

भाषांतराच्या बाजूने विचारते. मराठीत आणायचं तर ‘ऑर्बिट’ला काय म्हणायचं? ‘कक्षा’ पाठ्यपुस्तकी आहे आणि शिवाय ती मार्ग दाखवते, हालचाल दाखवत नाही. ‘फेरी’ बोलीतली, पण बसच्या फेरीसारखी ऐकू येते. ‘प्रदक्षिणा’ सगळ्यात जवळचा वाटला: मधोमध काहीतरी पूज्य, भोवती चालणारी छोटी माणसं. कादंबरीचा सूरही तसाच आहे.

शिरस्तेदार

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो. स्थानक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातं, उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. म्हणजे पृथ्वी डाव्या हाताला. शास्त्राप्रमाणे ही अपसव्य झाली.

पानपंखा

डोकं उत्तरेकडे धरलंत म्हणून. दक्षिणेकडे डोकं करून तरंगा, पृथ्वी उजव्या हाताला येते. तिथे वर कुठे आणि खाली कुठे हे ठरवणारे आपण कोण? तरी ‘चढती-उतरती’ची पंचाईत उरतेच. ‘चढती प्रदक्षिणा’ कानाला बरं वाटत नाही. ‘फेरी चौथी, चढती’ जमतं. फेरीवर येते मी. प्रस्तावनेत प्रदक्षिणा एकदाच वापरावी.

आणखी एक अडचण काळाची. इंग्रजीत सगळं वर्तमानकाळात आहे. मराठीत पानामागून पान ‘जातो, दिसतो, सरकतो’ असं लिहिलं की क्रिकेटचं समालोचन होतं. क्रियापदाशिवायची वाक्यं मिसळावी लागतील. ‘खाली सहारा. मग नाईलची दोरी. मग अंधार.’ अशी.

रात्रपाळी

सहाच माणसं का? आता तर सात असतात ना?

कक्षावर्ती

नोव्हेंबर २०२० पासून सात. त्याआधी २००९ पासून सहा, कारण तीन-तीन जागांची दोन सोयुझ यानं कायम जोडलेली असायची. जितक्या परतीच्या जागा तितकी माणसं. हार्वीने सहा ठेवलेत ते चांगलं केलं. सातवा आला असता तर कुणीतरी तोंडी लावण्यापुरता उरला असता.

५१.६ अंशही असाच जमिनीवरून ठरलेला. रशिया वापरतो तो कझाकस्तानातला प्रक्षेपणतळ, बैकानूर, ४६ अंश उत्तरेला आहे. तिथून सरळ पूर्वेला रॉकेट सोडलं तर गळून पडणारे टप्पे चीनच्या दिशेने जातात, म्हणून तिरकं सोडतात. अमेरिकी यानांना यामुळे इंधन जास्त लागतं, पण रशियाला बरोबर घ्यायचं तर दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे कादंबरीतली प्रत्येक लाट, तिचा प्रत्येक माथा, एका सीमारेषेमुळे तसा आहे. हे लक्षात आल्यावर ‘वरून सीमा दिसत नाहीत’ छापाचं कौतुक जरा जपून करावं.

तिरपागडा

हा मुद्दा पटला. आणि पुस्तकावरचा माझा खरा राग इथेच आहे. रशियन भागाच्या कवचाला तडा गेलाय हे हार्वी सांगते आणि पुढे जाते. प्रत्यक्षातही ‘झ्वेज्दा’ या रशियन भागाच्या टोकाच्या छोट्या कप्प्यातून २०१९ पासून हवा झिरपू लागली, गरज नसेल तेव्हा त्याचं झाकण लावून ठेवायचे. २०३० नंतर स्थानक दक्षिण पॅसिफिकमध्ये पाडायचं ठरलंय, त्यासाठीच्या यानाचं काम जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. एवढी मोठी, ४२० टनांची, भावंडांच्या भांडणात विकायला काढलेल्या वाड्यासारखी वस्तू, आणि कादंबरी तिच्यात भांडण लावत नाही?

निळीशाई

भांडण लावलं असतं तर ती दुसऱ्या कुणाचीही कादंबरी झाली असती. काळाशी खेळणं ही हार्वीची जुनी खोड आहे. ‘द वेस्टर्न विंड’मध्ये १४९१ सालच्या इंग्लंडमधल्या खेड्यातले चार दिवस तिने उलटे सांगितलेत, शेवटच्या दिवसापासून पहिल्याकडे. तिथे खुनाचा संशय होता, म्हणून उलटं सांगणं सगळ्यांना दिसलं. इथे खून नाही, म्हणून रचना दिसत नाही.

शॉनच्या पोस्टकार्डाचा प्रसंग पुन्हा वाचा. त्यावर चित्रकार वेलास्केथचं १६५६चं ‘लास मेनिनास’. चित्राचा विषय कोण: राजकन्या, चित्रकार, आरशातले राजा-राणी की बघणारा? शॉनने वर्षानुवर्षं डोकं खाजवल्यावर पिएत्रो एका नजरेत सांगतो, कुत्रा. चित्रात तेवढाच कुणाकडे बघत नाहीये.

वादळवाट

ज्यांना प्रत्यक्ष वाटेबरोबर वाचायचंय त्यांच्यासाठी: स्थानकावरून थेट प्रक्षेपण चालू असतं, हार्वीनेही लिहिताना तेच तासन्‌तास पाहिलं. पडदा काळा झाला तर बिघाड समजून बंद करू नका, बहुधा रात्रीची बाजू असते. फार तर ३६ मिनिटं थांबा. निळा पडदा आला तर संपर्क तुटलाय.

रात्रपाळी

नकाशा काढला. पहिल्यांदा पूर्वेकडेच सरकवला. अंटार्क्टिकावरून एकही वाट जात नाही, मग पुस्तकात तिकडचा बर्फ कसा?

कक्षावर्ती

तळाच्या माथ्यावर, ५१.६ दक्षिणेला, क्षितिज आणखी वीस अंश पुढे जातं. म्हणजे ७१-७२ दक्षिणेपर्यंत नजर पोचते, किनाऱ्याची कड तिरपी दिसू शकते. ध्रुव दिसत नाही. आणि पेपर आता पश्चिमेकडे सरकवा.